सात मिलिमीटर

१

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास एकाच मुलीच्या पाकिटातून दोन चेहरे निघाले, आणि आमच्या दवाखान्यात सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी टेबलावर हात आपटला.

हात आपटणारे त्या मुलीचे वडील होते. उंच, ताठ, गालभर दाट दाढी, आणि आवाज असा की खालच्या चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक एका पायात बूट घालून वर बघायला लागलं. मी मागच्या खोलीत प्लास्टर कालवत होतो. प्लास्टर एकदा कालवलं की चार मिनिटांत ओतावं लागतं, नाहीतर वाडग्यातच त्याचा दगड होतो. त्या दिवशी झाला, आणि मी तो तसाच टाकून बाहेर आलो.

आमच्याकडे दात ओळीत आणायचं काम चालतं. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर नीट बसत नसतील तर तारा लावून, पट्ट्या लावून, वर्ष-दोन वर्षं धीर धरून ते बसवायचे. मोठ्या डॉक्टरांना आम्ही सगळे बाई म्हणतो. मी पेशंटच्या तोंडातून घेतलेल्या ठशांत, म्हणजे मापांत, प्लास्टर ओतून दातांची मॉडेल करतो, म्हणून बाई मला मिस्त्री म्हणतात. बाईंच्या हाताखाली सहा वर्षं तयार झालेल्या दुसऱ्या डॉक्टर म्हणजे छोट्या डॉक्टर. येत्या शनिवारी बाई निवृत्त होणार होत्या आणि किल्ल्या छोट्या डॉक्टरांच्या हातात देणार होत्या. नवी पाटी रंगवायलासुद्धा टाकली होती.

तर झालं होतं असं. एकोणीस वर्षांची ही मुलगी महिन्यापूर्वी कानापाशी जबडा दुखतो म्हणून आली. छोट्या डॉक्टरांनी तपासलं, बाजूने फोटो काढला, बाजूने एक्स-रे काढवला, मापं घेतली. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा सात मिलिमीटर पुढे आहेत असं वहीत लिहिलं. वरच्या दोन छोट्या दाढा काढायच्या आणि त्या जागेत पुढचे दात मागे ओढायचे, असं ठरवून दात काढणाऱ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. त्या डॉक्टरांनी सकाळी चिमटा हातात घेतला, सवयीने म्हणाले, "एकदा दात मिटा बघू," आणि चिमटा खाली ठेवला. मुलीचे पुढचे दात व्यवस्थित जुळत होते.

"ते म्हणाले, ज्यांचे दात पुढे नाहीतच त्यांच्या दाढा काढायच्या कशासाठी?" वडील म्हणाले. "हा एक्स-रे माझ्या मुलीचा नाही. तुम्ही कुणाचा तरी तिच्या पाकिटात घातलाय. आज तिच्या दोन चांगल्या दाढा गेल्या असत्या."

बाईंनी पाकीट रिकामं केलं. आधी फोटो ठेवला, त्याच्याशेजारी एक्स-रे.

बाई माणसाला समोरून पाहतच नाहीत. बाजारात भेटल्या तरी अर्धं वळून बाजूने बघतात, आणि समोरच्याला वाटतं आपल्या कानात काही अडकलंय. त्यांचं गणित तीन ठिपक्यांचं. एक कपाळावर, एक वरच्या ओठाच्या मुळाशी, एक हनुवटीवर. तिन्ही जवळजवळ एका रेषेत आले तर चेहरा सरळ. हनुवटी मागे राहिली तर रेष मध्येच पुढे येते, तो फुगीर. हनुवटी पुढे गेली तर रेष आत जाते, तो खोलगट. माझा खोलगट आहे. "मिस्त्री, तुमची हनुवटी तुमच्याआधी खोलीत येते," असं बाई म्हणतात, आणि ते खरं आहे.

फोटोतली मुलगी सरळ होती. एक्स-रेतली मुलगी फुगीर होती, हनुवटी चांगलीच मागे. मग बाईंनी माझं मॉडेल उचललं आणि वरचा भाग खालच्यावर ठेवला. पेटीला झाकण बसावं तसं बसलं. फोटो आणि मॉडेल एका बाजूला, एक्स-रे एकटा दुसऱ्या बाजूला.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चूक कुणाची ते मला लेखी द्या," वडील म्हणाले. "नाहीतर मी तक्रार करणार, आणि ती पुढे जाईल असं बघणार."

दारात बाईंचा भाचा उभा होता. तोही दातांचाच डॉक्टर, आणि हा दवाखाना आपल्याला मिळावा असं त्याला फार वाटत होतं. "मावशी, मी तुला म्हटलं होतं," तो हळूच म्हणाला.

छोट्या डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, मी स्वतः मोजलंय," त्या म्हणाल्या. "सातच होते."

कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाईंनी मॉडेल पुन्हा उघडलं, वरच्या पुढच्या दातांच्या मागून अंगठा फिरवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते खाली ठेवलं.

२

दुपारी बाईंनी छोट्या डॉक्टरांना समोर बसवलं. मी कपाटातली मॉडेल पुसत होतो. म्हणजे कान तिकडेच होते.

"एक्स-रे बदलला असेल तर चूक तुझी," बाई म्हणाल्या. "पाकिटात तू घातलास."

"हो."

"मग शनिवारी किल्ल्या तुला देता येणार नाहीत."

"देऊही नका," छोट्या डॉक्टर म्हणाल्या. "ज्या माणसाला कुणाचा जबडा कुणाच्या पाकिटात जातो ते कळत नाही, त्याने दाराला पाटी लावू नये."

छोट्या डॉक्टरांना सहा वर्षं पाहतोय, पण त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. सबब म्हणून एक शब्द नाही.

"सात मोजलेस तेव्हा ती कशी होती?"

"खुर्ची पूर्ण आडवी केली होती. तोंड उघडं ठेवून ती दमली होती, डोळे मिटून पडली होती. मी म्हटलं, आता मिटा. तिनं मिटलं, मी पट्टी लावली."

"आणि फोटो?"

"तो आधीच काढला होता. भिंतीपाशी उभं करून. म्हटलं, फोटो काढते हं, आणि काढला."

"नंतर पाहिलास?"

"नाही. वहीतला आकडा आणि एक्स-रे जुळले, म्हणून फोटोकडे गेलेच नाही."

"काढलास, पण पाहिला नाहीस," बाई म्हणाल्या. त्या कधी रागावत नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. "मेण कधी चावायला दिलंस?"

वरचे आणि खालचे दात कुठे भेटतात ते कळावं म्हणून आम्ही पेशंटला मेणाची पट्टी चावायला देतो. त्या खुणांवरून मी दोन्ही मॉडेल एकमेकांवर बसवतो.

"सगळ्यात शेवटी. ती उठून बसली, केस नीट केले, मग दिलं."

बाई माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, ते मेण कुठे आहे?"

"वितळवलं," मी म्हणालो. "मेण मी पुन्हा वापरतो."

"आणि मॉडेल करताना काही वेगळं वाटलं?"

"खालच्या डाव्या बाजूला एक बुटकी दाढ आहे तिची. शेजारणींपेक्षा ठेंगणी. बाकी काही नाही. माझ्या मॉडेलमध्ये फट नसते, बाई, तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, आणि संध्याकाळी घरी गेलो तर जेवण गोड लागलं नाही.

३

बुधवारी एक्स-रेवाल्याची पाळी आली. तो आमच्याच मागच्या खोलीत बसतो. अठरा वर्षं झाली, पण अजून भाडेकरूसारखा वागतो. कुणी काही विचारलं की आधी हात वर करतो.

"मी काही केलेलं नाही," तो म्हणाला.

"केलं असं कुणी म्हटलंय? तुमची पद्धत सांगा," बाई म्हणाल्या.

"पद्धत एकच. यंत्राच्या दोन खुंट्या कानांत घालायच्या, म्हणजे डोकं हलत नाही. मग माझं ठरलेलं. मान सरळ, आवंढा गिळा, मागच्या दाढा टेकवा, हलू नका. अठरा वर्षांत शब्द बदललेला नाही. माझी बायको म्हणते, झोपेतही म्हणता."

"आवंढा प्रत्येकाला गिळायला लावता?"

"लहान असो, म्हातारा असो. तुम्हीच शिकवलं होतं."

"त्या दिवशी आणखी कोण होतं?"

त्याने वही उघडली. त्याच दिवशी, हिच्या लगेच पुढच्या वेळेला, त्याच वयाची आणखी एक मुलगी. माझ्या मनात आलं, झालं, सापडलं. दोन मुली, दोन पाकिटं, एक घाई.

आणि घाई कुणी मुद्दाम केली असेल तर? कारण भाचा सोमवारी दुपारी, आम्ही जेवायला गेलो असताना, पाकिटांचं कपाट उघडून उभा होता. मी पाणी प्यायला परत आलो तेव्हा पाहिलं होतं. ते मी बाईंना सांगितलं. दुसऱ्याचं सांगायला मला कधीच वेळ लागत नाही.

भाच्याने नाकारलं नाही. दिसायला तो देखणा आहे, तिन्ही ठिपके सुतात. "उघडलं होतं," तो म्हणाला. "मावशी, खरं सांगतो. तिच्या चुका शोधत होतो. एक सापडली असती तर तुला दाखवली असती."

"किती पाकिटं पाहिलीस?"

"चाळीसएक."

"आणि?"

"एकही चूक सापडली नाही," भाचा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "त्याचाच राग आला. पण या मुलीचं पाकीट मी पाहिलंही नव्हतं. ती चूक आयती आली."

बाईंनी सुस्कारा सोडला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणायचं. जा, पण उद्यापासून कपाटाला कुलूप असेल."

मग बाईंनी त्या दुसऱ्या मुलीचं पाकीट मागवलं. तिचा एक्स-रे तिच्याच पाकिटात होता. तिला तारा लावलेल्या होत्या आणि एक्स-रेत त्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. मग आमच्या हातातली हनुवटी कुणाची?

बाईंनी एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला. "मिस्त्री, तुमची ती बुटकी दाढ दाखवा."

मी मॉडेल आणलं. बाईंनी एक्स-रेवर बोट ठेवलं. तिथे, खालच्या जबड्यात, तशीच एक ठेंगणी दाढ होती, आणि तिच्या खाली हाडात काहीच नव्हतं.

"ही दुधाची दाढ आहे," बाई म्हणाल्या. "खालून दुसरी आलीच नाही, म्हणून पडली नाही. एकोणीस वर्षांच्या किती मुलींच्या तोंडात, नेमक्या त्याच जागी अशी दाढ असेल? हातच्या काकणाला आरसा कशाला. एक्स-रे तिचाच आहे."

"मग फोटो?" छोट्या डॉक्टर म्हणाल्या.

"फोटोही तिचाच आहे. आपल्यासमोर येऊन बसली ती, चेहरा ओळखू येत नाही का?"

"मग खोटं कोण बोलतंय?"

बाईंनी मॉडेल माझ्या हातातून घेतलं आणि उजेडात तिरपं धरलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला त्या वेळी नीट कळलं.

४

गुरुवारी बाप-लेक आले. बाईंनी आधी वडिलांना एकट्यांना आत घेतलं. मी मापं द्यायच्या निमित्ताने तिथेच होतो. बाईंनी मला जा म्हटलं नाही, आणि त्याचंच मला बरं वाटेना.

"मुलगी घरी कशी जेवते?" बाईंनी विचारलं.

वडील तक्रारीच्या तयारीने आले होते. प्रश्न ऐकून ते गोंधळले. "जेवते म्हणजे? भिंतीकडे तोंड करून बसते. आधी नव्हती तशी. सातवीत गेली तेव्हापासून. आम्ही म्हटलं, वय आहे."

"झोपताना?"

"पांघरूण डोक्यावरून. उन्हाळ्यातसुद्धा."

"आणि तुम्ही दाढी कधीपासून ठेवलीत?"

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही, सहज."

"विसाव्या वर्षापासून," वडील तुटकपणे म्हणाले, आणि दाढीवरून हात फिरवला. "डॉक्टर, मला उद्या संध्याकाळी कागद हवाय."

मुलगी आत आली तेव्हा बाईंनी खुर्ची अशी फिरवली की ती त्यांना बाजूने दिसावी. मुलगी हुशार होती, नेमकं बोलायची, ओठ जरा आवळून. बोलताना मधूनच दोन बोटं कानापुढे दाबायची.

"दुपारपर्यंत ठीक असतं का?"

"हो. संध्याकाळी जास्त दुखतं. डोकंही."

"सकाळी उठल्या उठल्या?"

"तेव्हा अजिबात नाही."

बाईंनी तिला पाण्याचा पेला दिला. मुलगी पाणी प्यायली, तिने पेला खाली ठेवला, तोंड पुसलं. मला काहीच दिसलं नाही. बाईंना दिसलं असावं, कारण पेलाभर पाणी पिणाऱ्याकडे कुणी पाहत नाही एवढ्या कौतुकाने त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं.

"उद्या दुपारी माझ्याकडे एकटी येशील? पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "मला तुझी परवानगी हवी आहे."

मुलीने मान खाली घातली. मग हो म्हणाली.

ते गेल्यावर बाई उठल्या, चष्मा पुसला. "मिस्त्री, उद्या संध्याकाळी ते मॉडेल घेऊन या. आणि तोपर्यंत मला काही सांगायचं असेल तर सांगा."

मी काही सांगितलं नाही. सव्वीस वर्षांची अब्रू, पन्नाशी उलटलेला माणूस, आणि दोष ढकलायला एक्स-रेवाला आयता. माणूस किती लहान होऊ शकतो ते मी त्या आठवड्यात स्वतःच्या अंगावर मोजलं.

५

शुक्रवारी संध्याकाळी बाईंच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. बाई, छोट्या डॉक्टर, मुलगी, तिचे वडील आणि मी. भाच्याला आणि एक्स-रेवाल्याला बाईंनी बाहेर बसवलं होतं.

"कागद," वडील म्हणाले.

छोट्या डॉक्टरांनी पिशवीतून कागद काढला. रात्री घरी लिहून आणला होता. "एक्स-रे आणि फोटो का जुळत नाहीत ते मला अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण फोटो न पाहता मी दाढा काढायला सांगितल्या. तेवढं पुरे आहे. जबाबदारी माझी, असं लिहिलंय. सही करते."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी बाईंकडे पाहिलं, त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला कळलं की या बाई माझ्यासाठी थांबल्या आहेत. मंगळवारपासून थांबल्या आहेत.

"डॉक्टर, सही करू नका," मी म्हणालो. "मॉडेल खोटं आहे. मी केलं खोटं."

आता सांगतो, जे आधीच सांगायला हवं होतं. मेणाच्या खुणांवरून मी मॉडेल बसवलं तेव्हा वरचे पुढचे दात खालच्या पुढच्यांना टेकत होते आणि मागे सगळ्या दाढांमध्ये फट राहत होती. पोस्टकार्ड सहज आत जाईल एवढी. मला वाटलं, प्लास्टरमध्ये बुडबुडा राहिला, माझाच हात चुकला. फट असलेलं मॉडेल या खोलीतून कधी बाहेर गेलेलं नाही. मग मी बारीक कानस घेतली, वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू घासली, आणि दाढा टेकल्या. कुणाला कळणार होतं?

"मला कळलं," बाई म्हणाल्या. "मिस्त्री मॉडेल साबणाच्या पाण्यात ठेवून कापडाने घासतात, आरशासारखं चमकतं. याच्या चार दातांच्या मागे चमक नव्हती. अंगठ्याला खरखर लागली. मिस्त्रींनी फट बुजवली हे मंगळवारीच कळलं, पण फट होती कशामुळे ते कळायला गुरुवार लागला."

"मला यातलं काहीही समजत नाही," वडील म्हणाले.

"समजेल. तुमच्या मुलीचे दोन चावे आहेत. एक तिला मिळालेला आणि एक तिनं कमावलेला. जागी असताना, कुणी पाहत असताना, ती खालचा जबडा पुढे आणून धरते. उभं करून फोटो काढला, तेव्हा धरला. उठून केस नीट करून मेण चावलं, तेव्हा धरला. दात काढणाऱ्या डॉक्टरांनी मिटा म्हटलं, तेव्हाही. पण जबडा पुढे आणला की पुढचे दात टेकतात आणि दाढा उघड्या राहतात. तीच मिस्त्रींची फट."

"आणि मी मोजलं तेव्हा ती पडून होती," छोट्या डॉक्टर हळूच म्हणाल्या. "दमलेली होती."

"धरायचं विसरली. एक्स-रेच्या वेळी तर कानांत खुंट्या आणि वर आवंढा गिळा. गिळताना जबडा आपल्या खऱ्या जागी जातो, तिथे कुणाचं काही चालत नाही. काल ती पाणी प्यायली तेव्हा हनुवटी क्षणभर मागे गेली आणि लगेच परत आली. भिंतीकडे तोंड करून जेवणं, डोक्यावरून पांघरूण घेणं, सकाळी न दुखणं आणि संध्याकाळी दुखणं, हे सगळं त्या एका क्षणात उलगडलं." मग बाई मुलीकडे वळल्या. "दुपारी आपलं बोलणं झालंय. मी सांगू, की तू दाखवतेस?"

"मी दाखवते," मुलगी म्हणाली.

"मग उचल जीभ आणि लाव टाळ्याला," बाई म्हणाल्या, आणि त्या वेळीसुद्धा मला हसू आलं. "जितकी मागे नेता येईल तितकी ने. आता तशीच हळू दाढा टेकव."

मुलीने डोळे मिटले. तिची हनुवटी सावकाश मागे गेली, वरचे दात ओठाबाहेर डोकावले, आणि आमच्यासमोर एक्स-रेतली मुलगी बसलेली होती. छोट्या डॉक्टरांनी कुणी न सांगता पट्टी उचलली आणि दातांना लावली.

"सात," त्या म्हणाल्या.

६

वडील मुलीच्या हनुवटीकडे पाहत राहिले.

"सातवीत वर्गाचा फोटो निघाला," मुलगी म्हणाली. तिने जबडा परत पुढे आणला नव्हता, म्हणून शब्द जरा वेगळे येत होते. "मी कडेला होते, बाजूने आले. सगळे पोपट म्हणायला लागले. मग मी आरशासमोर जबडा पुढे धरून बघितलं. आधी एक मिनिट जमायचं. मग एक तास. दहावीपर्यंत दिवसभर जमायला लागलं. आता मला कळतही नाही."

"सात वर्षं, आणि आता तर दिवसाचे पंधरा तास," बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मी जबडे बघते आहे, पण एवढी चिकाटी पाहिलेली नाही. मला पट्ट्या आणि तारा लावून जे जमत नाही ते तू नुसत्या मनाने केलंस. फक्त कानापाशीच्या सांध्याला विचारायचं राहिलं, म्हणून तो ओरडतोय."

मुलगी रडली नाही. ती वडिलांकडे बघत होती, आणि ते आता काय म्हणतील याला ती घाबरली होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

वडिलांचा हात दाढीत होता. "मला कॉलेजात बिनहनुवटीचा म्हणायचे," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे मला नवीन होतं. "दाढी फुटली तशी ठेवली, ती आजतागायत. तुझ्या आईनेसुद्धा माझी हनुवटी पाहिलेली नाही. तू जन्मलीस तेव्हा मी आधी तेच बघितलं. वाटलं, सुटली. बाळाचं काय कळतंय." ते थांबले. "मला दाढीमागे लपता आलं. तुला काही नव्हतं, आणि मी तुला विचारलंही नाही."

मुलगी हसली. तोंड आवळून नाही, सगळे दात दाखवून, अगदी पुढचे सात मिलिमीटरसुद्धा. मी सव्वीस वर्षं दात पाहतोय, पण हसू पाहिलं ते त्या दिवशी.

"दाढा आत्ता काढायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "आधी काही आठवडे दातांवर एक सपाट पट्टी लावू, म्हणजे स्नायू सवय विसरतील आणि दुखणं थांबेल. मग नवी मापं. तारा लावायच्या, की जबड्याचं ऑपरेशन, की काहीच नाही, ते तेव्हा बघू, आणि ते ती ठरवेल. मागे असलेली हनुवटी हा आजार नाही. दुखणं हा आजार आहे."

"आणि लेखी?" वडिलांनी विचारलं, पण आता त्यात धार नव्हती.

बाईंनी छोट्या डॉक्टरांचा जुना कागद फाडला आणि कोरा पुढे केला. "तू लिही. उद्यापासून दवाखाना तुझा आहे."

त्यांनी तीन ओळी लिहिल्या. माप बरोबर होतं. फोटो काढून पाहिला नाही, ही माझी चूक. मॉडेल घासलं गेलं, ही दवाखान्याची चूक. माझं नाव कुठेच नव्हतं. वडिलांनी वाचून कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

मी नोकरी सोडतो म्हणालो. छोट्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मिस्त्रीकाका, सोमवारी नऊ मापं ओतायची आहेत. फट दिसली तर मला हाक मारायची. कानस माझ्या टेबलात राहील."

बाई त्या वेळी खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मला त्यांची हनुवटी दिसत नव्हती, पण त्या हसत होत्या एवढं मी ओळखतो.

दोन महिन्यांनी नवी मापं आली. मी प्लास्टर ओतलं, मेणाच्या खुणांवर दोन्ही मॉडेल बसवली. या वेळी दाढा एकमेकींवर घट्ट बसल्या आणि पुढे फट उरली, बरोबर सात. माझी बोटं सवयीने टेबलावर कानस शोधायला लागली. मग मी मॉडेल साबणाच्या पाण्यात ठेवलं, पुसलं, आणि तसंच घेऊन बाहेर आलो.

बाहेरच्या बाकावर मुलगी बसली होती, मांडीवर पुस्तक, डबा उघडा, चारचौघांत जेवत. तिच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ होते. गाल नुकतेच तासलेले, तिथली कातडी वरच्या चेहऱ्यापेक्षा गोरी, आणि हनुवटी चांगलीच मागे. मी बाईंसारखा अर्धा वळलो आणि बाजूने पाहिलं, तेव्हा कुठे ओळख पटली. दोघांचे तिन्ही ठिपके अगदी सारखे होते, आणि मुलगी त्यांना आपल्या डब्यातलं देत होती.